रातकिडेवाले भोईर सर

आमच्या कात्रपच्या शाळेत शिक्षक चौदा आणि स्टाफरूममध्ये खुर्च्या अकरा. मधल्या सुट्टीत जागेसाठी अक्षरशः धावपळ व्हायची. तरीही भोईर सरांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या कायम रिकाम्या. सर डबा उघडायचे, तांदळाची भाकरी काढायचे आणि मग पिशवीतल्या छोट्या बरणीतून डब्याच्या झाकणात काहीतरी ओतायचे. तपकिरी, भाजलेलं, तिखटमीठ लावलेलं. लांबून खारे शेंगदाणे वाटायचे. जवळून पाय दिसायचे.

"घ्या मॅडम," ते मला रोज म्हणायचे. "चिंबोरीचा चुलतभाऊ आहे."

मी रोज सांगायचे, "नको सर, आज पोट बरं नाही." दोन वर्षं माझं पोट बरं नव्हतं. मी मूळची कोकणातली, चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, नांग्या दातांनी फोडणारी बाई. पण भाजलेल्या रातकिड्यांच्या त्या झाकणाकडे मला बघवायचं नाही. याचा मला स्वतःचाच राग यायचा आणि तो मी सरांवर काढायचे. एकदा मी तोंडावर विचारलं, "सर, हे शाळेत कशाला आणता?" ते म्हणाले, "भूक लागते म्हणून."

भोईर सर विज्ञान शिकवायचे. उंच, खांद्यात वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाशेजारी प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर. कुठेही गेले की तो काढून तापमान बघायचे. वर्गाचं, माठातल्या पाण्याचं, आणि एकदा तर मुख्याध्यापिकाबाई त्यांना झापत असताना त्यांच्या केबिनचं. "एकतीस," असं शांतपणे म्हणून बाहेर आले. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. रजेच्या अर्जावर आम्ही सगळे 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असं लिहितो. सर लिहायचे, 'घरी भातलावणी आहे. प्रकृती उत्तम.' रजा नामंजूर व्हायची, सर तरीही जायचे, आणि आल्यावर मेमोच्या लेखी उत्तरातही पुन्हा खरंच लिहायचे. लोकांना असा माणूस लांबून फार आवडतो. शाळेचं टाइमटेबल मी बसवायचे आणि तो माझ्या गळ्यात होता, म्हणून सांगते.

त्यांचं गाव जांभूळ. तिथे जमिनी काही कारखान्यांकडे गेल्या, काही इमारतींखाली. सरांच्या लहानपणी डोंगरातली एक ठाकरीण त्यांच्या ओटीवर यायची, पानाच्या द्रोणात ओंबिलांची, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांची चटणी घेऊन. सरांची आई तिला सुपातून तांदूळ द्यायची, चटणी घ्यायची आणि चुलीमागे लपवायची. पाहुण्यांनी बघितलं तर काय म्हणतील! सरांना चटणीच्या चवीपेक्षा ते लपवणं जास्त लक्षात राहिलं होतं. एरवी शाळेतलं शुद्ध बोलणारे सर आईचा विषय निघाला की गावच्या बोलीत यायचे. "माझी आय आवरीनं खायची न कोनाला सांगायची नाय," असं म्हणायचे.

रातकिडे पाळायचं त्यांच्या डोक्यात कधी शिरलं ते मला माहीत नाही. मी ऐकलं तेव्हा ते मंदाताईला समजावत होते. मंदा त्यांची जुनी विद्यार्थिनी, जांभूळच्या बचत गटाची अध्यक्ष. अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची, कंत्राटी. उभं राहून पायाच्या शिरा फुगलेल्या. सर तिला सांगत होते की कोंबडीला जागा लागते, शेळीला चारा लागतो, म्हशीला पाणी लागतं. रातकिड्याला काही लागत नाही. अंड्यांचे कागदी ट्रे, कोंडा, भोपळ्याच्या साली आणि ऊब. दीड महिन्यात तयार. भाजा, वाळवा, कुटा. ताकद मटणापेक्षा कमी नाही.

"जमीन गेली मंदा, पण पडवी तर हाय न तुझी?" सर म्हणाले.

या एका वाक्यावर मंदानं कंपनी सोडली. गटातल्या बाकीच्या सहाजणींनी आपला रिकामा वेळ दिला, मंदानं चालू नोकरी दिली. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं ते सरांना हौसेचं अपयश म्हणून पचवता आलं असतं. तिचं मात्र घर त्यावर चालायचं होतं.

पडवीत क्रेट मांडले गेले. मी एकदा बघायला गेले. ओल्या गोणपाटासारखा वास, क्रेटवर मच्छरदाणीची जाळी, आत ट्रेच्या खळग्यांत पैदाशीला आणलेले किडे. सर एकेका क्रेटमध्ये थर्मामीटर घालून आकडा वहीत लिहीत होते. त्यांचा चेहरा मी शाळेत तसा कधी पाहिला नव्हता.

आता परवाना हवा. अर्ज भरायला मी बरी, म्हणून सर मला खाद्यपदार्थांच्या परवान्याच्या कचेरीत घेऊन गेले. अर्जात विचारलं होतं, पदार्थ कोणत्या प्रकारचा? धान्य, दूध, मांस, मासे, इतर. सरांनी पुढे ठळक अक्षरात लिहिलं, 'किडे.'

खिडकीतला माणूस भला होता. म्हणाला, "सर, इथे किडे नका लिहू. मालात किडे सापडले तर आपण परवाना रद्द करतो."

"मालच किडे आहे," सर म्हणाले.

"बरं. मग पेस्ट कंट्रोलचा दाखला लावा. जागेत झुरळ, मुंगी, कुठलाही कीटक नाही, असा."

"जागेत कीटकांशिवाय दुसरं काहीच नाही."

मी त्यांच्या कोपराला ढोसलं. "सर, 'इतर' लिहा. नुसतं 'इतर.'" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इतर म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तर शेवटी किडेच सांगणार ना? मग आधीच का नको?" त्या माणसानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "पक्ष्यांचं खाद्य म्हणून करा ना सर. ते माझ्या खिडकीत येतच नाही. तुम्ही सुटाल, मी सुटेन."

असे आम्ही तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा तेच. परत येताना रिक्षात मी तावातावाने बोलत होते आणि सर बाहेर बघत होते.

हेच लच्छूशेठही सांगत होते. उल्हासनगरला त्यांचं पिंजऱ्यांचं आणि मासे पाळायच्या टाक्यांचं मोठं दुकान. क्रेट त्यांनीच मिळवून दिले होते. "सर, चिडिया-मछली का बोलो, जितना माल है मैं उठाता हूँ," ते म्हणाले. "बस, इन्सान का नाम मत लो. इन्सान का नाम आया, तो मेरी दुकान पे दस लोग पूछने आएँगे."

आमच्याबरोबर आलेली मंदा आशेनं सरांकडे बघत होती. सर म्हणाले, "माझ्या आईनं जे चुलीमागं लपवलं, ते मी पिंजऱ्यात घालू? हे माणसाचं अन्न आहे, शेठ." झालं. मंदानं मान खाली घातली. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं की तुमच्या आईचा मान राखायला या बाईची पडवी कशाला? पण मी ओरडले नाही. सरांसमोर एक अडचण व्हायची, ती म्हणजे ते बरोबर असायचे.

मग ठरलं की आधी माल तर तयार करू, गावातच खाऊ, चार घरांना देऊ, परवान्याचं पुढे बघू. शाळा उघडल्या त्या आठवड्यात अंडी घातली गेली. सरांनी ऊब मोजली, ओल मोजली, कोंड्याचा वाटा ठरवला. एकही पेटी बुरशीला गेली नाही. नर आवाज करायला लागले की माल तयार, हे त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं. एका सकाळी पडवी अशी किरकिरायला लागली की शेजारच्या आळीत ऐकू जावं. सर सकाळचे तास मला देऊन पिशव्या घेऊन जांभूळला धावले. माल आधी फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणजे किडे गारठून झोपेत जातात, मग उकळत्या पाण्यात घालून वाळवायचे. मंदाच्या दिराच्या दुकानातला आइस्क्रीमचा फ्रीजर ठरवून ठेवला होता.

ही हकिगत मला मंदानंच सांगितली. अंगणात सातही जणी उभ्या होत्या, न्हालेल्या, केसांना गाठ मारलेल्या. पण पडवीत एकही शिरेना.

"सर, आज काय हाय?" मंदानं विचारलं.

"सेहेचाळिसावा दिवस."

"श्रावनातला सोमवार हाय, सर."

सरांनी वही मिटली. म्हणे त्यांनी मान वर केली. क्रेटच्या बरोब्बर वर, खुंटीला, देवाच्या चित्राचं कॅलेंडर लटकत होतं.

गटारीला दहा दिवस कमी पडले होते. आषाढ संपता संपता माल तयार असता, तर अख्ख्या गावानं मटणाच्या बरोबरीनं तोही खाल्ला असता, आणि कुणी नाक मुरडलं नसतं. सर जन्माने त्याच गावचे. त्यांना हे कळू नये? पण त्यांनी स्वतः श्रावण पाळणं तीस वर्षांपूर्वी सोडलं होतं, आणि जे आपण पाळत नाही ते बाकीचे पाळतात हे माणूस विसरतो. मी नंतर त्यांना सरळ म्हटलं, "सर, तापमान दिवसातून तीनदा लिहीत होता, एकदा तिथी लिहिली असती तर?" ते म्हणाले, "हो, चुकलंच." चूक कबूल करणाऱ्यावर धड चिडताही येत नाही.

"मारायचं नाही गं, नुसतं गार करायचं," ते त्या दिवशी मंदाला म्हणाले.

"झोपंत मारला तरी मारलाच न, सर. मयनाभर आमी अंडं फोरीत नाय."

सर घरी आले आणि वहिनींना म्हणाले, आपल्या फ्रीजमध्ये थोडे ठेवू. वहिनींनी फ्रीजच्या दाराला पाठ लावली. "माझ्या उपासाच्या साबुदाण्याशेजारी? आधी मला बाहेर काढा," म्हणाल्या.

महिनाभर थांबायचं ठरलं. सरांनी गौरींवर आशा ठेवली होती. गाव आगऱ्यांचं, आणि आगऱ्यांच्या घरी गौरीला चिंबोऱ्यांचा नैवेद्य असतो. "चिंबोरी चालते, तर चुलतभाऊ का नाही?" त्यांनी विचारलं. बायका आधी हसल्या, मग मंदा गंभीर झाली. "देवीच्या पानात किडा वाराल, सर? गाव वाळीत टाकंल." गौरी गेल्या, पितृपक्ष लागला, पुढे नवरात्र उभंच होतं. रातकिड्यांना एवढा धीर नसतो. ते म्हातारे झाले, एकमेकांना खायला लागले, आणि पडवीतली किरकिर एकेका क्रेटनं बंद होत गेली. मेलेले किडे मंदानं खड्ड्यात पुरले. त्या दिवशी सर शाळेत आले आणि झाकणात काहीच ओतलं नाही. कोरडी भाकरी खाल्ली.

मंदानं तरीही हार मानली नाही. हे तिचं मोठेपण, सरांचं नाही. दुसरी खेप थंडीत काढली, यावेळी कॅलेंडर बघून. सगळा माल भाजून, कुटून, लसूण-खोबऱ्याबरोबर चटणी केली. बदलापुरात बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे एक टेबल मिळवलं; परवाना तिथे कुणी विचारला नाही. सरांनी स्वतः पाटी रंगवली: 'रातकिड्यांची चटणी. कोलंबी-चिंबोरी सोसत नसेल त्यांनी खाऊ नये.'

सरांना दुपारपर्यंत शाळा होती. मी सुट्टी काढून मंदाला मदतीला गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. पहिला तासभर कुणी टेबलाजवळ फिरकलं नाही. लोक पाटी वाचायचे, हसायचे, फोटो काढायचे, पुढे जायचे. मंदानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग पाटी उचलली आणि टेबलाखाली पालथी ठेवली. मी काही बोलले नाही. तेही सांगून टाकते.

त्यानंतर भाकरीच्या तुकड्यावर चटणी चाखून माणसं बाटल्या उचलायला लागली. "सुकटीची आहे ना? झकास!" मंदा नुसती हसायची. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. निम्म्याहून जास्त टेबल रिकामं झालं, तेव्हा सर आले. आधी त्यांना आनंद झाला. मग ते पाटी शोधायला लागले.

एक बाई तिसरी बाटली घेत होत्या. "सुकट कुठली हो? अलिबागची?"

"सुकट नाही, बाई," सर म्हणाले. "रातकिडे आहेत. तुम्हाला कोलंबी सोसते ना?"

पुढचं मला नीट सांगताही येणार नाही. त्या बाई किंचाळल्या. कुणीतरी तिथेच ओकायला लागलं. बाटल्या परत आल्या, काही टेबलावर आपटल्या गेल्या. प्रदर्शनवाल्यांनी टेबल बंद करायला सांगितलं, आणि मंदाच्या गटाचं नाव यादीतून काढलं. सर सगळ्यांना समजावत होते की काही होणार नाही, अन्न स्वच्छ आहे, फक्त ज्यांना कोलंबीचा त्रास आहे त्यांनी दवाखान्यात जावं. या शेवटच्या वाक्यानं उरलेसुरले लोकही घाबरले.

मंदा रडली नाही. गर्दी पांगल्यावर म्हणाली, "सर, तुमी बोलले म्हनून मी कंपनी सोरली. तुमी खरंच बोलता, मी कुठं नाय बोलतंय? पन तुमच्या खऱ्याची शिक्षा दर वेलेस मलाच का?"

"एखाद्याचा घसा सुजला असता, मंदा," सर म्हणाले. "जीव गेला असता."

ते बरोबर होतं. मंदाही बरोबर होती. मी घरी येऊन भांडी आपटली.

महिन्याभरात मंदा एकटी उल्हासनगरला जाऊन लच्छूशेठशी बोलून आली. शेठची अट जुनीच होती, इन्सान का नाम नहीं. आता जांभूळच्या चार पडव्यांमध्ये क्रेट आहेत आणि माल पाकिटातून जातो. पाकिटावर पोपटाचं आणि माशाचं चित्र, खाली मोठ्या अक्षरात 'माणसांनी खाऊ नये.' सात बायकांची घरं त्यावर चालतात. सर तिकडे गेले नाहीत. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं. निवृत्त झाले, दुपारचे कात्रपच्या बागेत बसायचे. मी भेटले तर क्रेटबद्दल विचारायचे नाहीत, मला मात्र मुद्दाम सांगावंसं वाटायचं, की सर, चाललंय हो, तुमच्याच पद्धतीनं चाललंय. मी सांगायचे. ते म्हणायचे, "ऊब किती ठेवतात?" मला ते माहीत नसायचं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते उल्हासनगरला. स्नेहसंमेलनाच्या कपड्यांसाठी कापड घ्यायला गेले होते. लच्छूशेठच्या दुकानात भोईर सर काउंटरशी उभे दिसले, म्हणून आत शिरले. शेठ नव्हते, त्यांची सून होती. सर बरेच वाळले होते. समोर जांभूळच्या मालाची दोन पाकिटं होती आणि ते एक पाकीट उजेडाकडे धरून आतला किडा न् किडा तपासत होते. माल कसा वाळवलाय ते बघत असावेत. चेहऱ्यावर समाधान होतं.

"अंकल, हर महीने दो पैकेट," सून हसून म्हणाली. "कौन सा पंछी पाला है आपने?"

मला एका क्षणात कळलं, ही पाकिटं कुठे जातात ते. शेजारी गिऱ्हाइकं उभी होती. सरांनी खरं उत्तर दिलं असतं, तर शेठच्या अटीचं काय झालं असतं हे मला कळत होतं, आणि जांभूळच्या चार पडव्यांचं काय झालं असतं हेही. सरांनी माझ्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं. कपाळाला घाम आला.

"तोता," सर म्हणाले.

"तोता?" ती बुचकळ्यात पडली. "तोता तो मिर्ची-अमरूद खाता है, अंकल. कीड़ा खाता है आपका तोता?"

सरांचे कान लाल झाले. मी पुढे झाले आणि म्हणाले, "अरे, सर मज़ाक करते हैं. गाँव में मुर्गियाँ हैं इनकी, चार-पाँच." ती हसली, पाकिटं पिशवीत घालून दिली.

बाहेर आलो. रस्त्यावर टेम्पोंची ही गर्दी. सर पिशवी छातीशी धरून उभे होते आणि स्वतःवरच वैतागल्यासारखी मान हलवत होते. मी म्हटलं, "जाऊ द्या सर, निभावलं ना." त्यांना ऐकूच आलं नसावं.

"तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, मॅडम," ते म्हणाले, "आणि साधी कोंबडी आठवली नाही मला."